आकडा सांगणारे सर

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची पहिली घंटा सव्वासातला व्हायची. त्याच्या पाचेक मिनिटं आधी केमिस्ट्रीचे सर स्टाफरूमच्या दारात यायचे, एक आकडा सांगायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. "आज तीन." किंवा "आज पाच." नमस्कार नाही, रामराम नाही. सही करण्याआधी आपण पेनाचं टोपण काढतो, तितक्या सहजपणे हा आकडा निघायचा.

नवीन लागलेल्या शिक्षकांना वाटायचं, सर आज आपले किती तास आहेत ते सांगताहेत. मलाही पहिले आठ दिवस तसंच वाटलं होतं. मग एकदा सर "आज सहा" म्हणाले आणि वेळापत्रकात त्यांचे तास होते दोनच. मी विचारलं.

"तास नाही सर, ताण," ते म्हणाले. "एक ते दहात मोजतो मी."

"कशानं मोजता?"

"कशानं म्हणजे? मोजायचं यंत्र मीच, आन वाचणाराही मीच. म्हणून तर मोठ्यानं सांगतो. चार लोकांसमोर सांगतलं की यंत्राले खोटं बोलता येत नाही."

मोजपट्टी त्यांची ठरलेली होती. एक म्हणजे रविवारची दुपार, पोटात वांग्याची भाजी आणि भाकरी, आणि लाइट गेलेली नाही. चार-पाच म्हणजे साधा कामाचा दिवस. सहा म्हणजे आज माझ्याशी वाद घालू नका. सात म्हणजे मी रजेचा अर्ज टाकून निघालो. दहाचं मी विचारलं, तर म्हणाले, "दहाले तुमाले सांगाले मी इथं नसतो," आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

सर दारूतून बाहेर आलेले होते. हे गुपित नव्हतं. दारव्ह्यासारख्या गावात कोणी दारू प्यायला लागलं तर ते त्याच्या आधी शेजाऱ्याला कळतं. कोणी सोडली तर मात्र वर्षभर कोणाचा विश्वास बसत नाही. सरांनी सोडून तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि गावाचा विश्वास नुकताच बसू लागला होता. सरांचा स्वतःवरचा विश्वास मात्र बेताचाच होता, आणि तो तसाच राहावा यासाठी ते कष्ट घेत.

त्यांचे रजेचे अर्ज ही आमच्या कार्यालयाची डोकेदुखी होती. रजेचं कारण या रकान्यात आम्ही सगळे वर्षानुवर्षं "घरगुती काम" किंवा "प्रकृती अस्वास्थ्य" लिहीत आलो आहोत. सर लिहायचे: "आज ताण सात आहे. एकटा राहिल्यास दारू पिण्याची शक्यता वाटते. सबब अर्धा दिवस रजा मिळावी." प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तेव्हा एका परिपत्रकाचं शुद्धलेखन तपासायला तिथेच बसलो होतो.

"अहो सर, असं कुठं लिहितेत का? तपासणीत फाइल उघडली तर काय म्हणतील?"

"खरं कारण लिहिलं म्हणतील."

"कौटुंबिक कारण लिहा ना."

"कुटुंबानं काय केलं सर? बायको बिचारी अंगणवाडीत गेली. डोस्कं माहं खराब हाय, तिचं नाव कायले घालू?"

अर्ज तसाच फाइलला लागला. अशा दिवशी सर कॉलेजातून निघून थेट बाजारातल्या एका टेलरकाकांच्या दुकानात जायचे. काकांनीही कधीकाळी भरपूर पिऊन, मशीन विकून, पुन्हा मशीन घेतली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी आठ-दहा जणांची बैठक भरायची. सतरंजीवर बसायचं, आपलं आपण सांगायचं, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही. सात आकडा असला की सर मंगळवारची वाट न पाहता जायचे आणि काकांच्या समोर बसून काज-बटणं करायचे. एम.एस्सी. झालेला माणूस आमच्या गावातल्या निम्म्या पुरुषांच्या शर्टांना बटणं लावून बसला होता, आणि ती तुटत नसत.

आकड्यामुळे एक भानगडही झाली. आमच्या शिपायाला सट्ट्याचा नाद. सर रोज सकाळी कुठल्यातरी दैवी प्रेरणेनं आकडा सांगतात अशी त्याची समजूत झाली आणि तो त्यावर खेळू लागला. एक दिवस दोन्ही हात जोडून सरांपुढे उभा.

"सर, काल तुमचा चार लागला!"

सरांनी त्याला समोर बसवलं आणि अर्धा तास समजावलं की हा आकडा माझ्या डोक्यातल्या रसायनांचा आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. जाताना दारातून वळून म्हणाला, "मंग सर, उद्याचा आजच सांगता येत नाही का?" त्यानंतर कितीतरी दिवस सरांना मध्येच आठवून हसू यायचं. त्यांचं हसणं मोठं होतं, छातीतून यायचं. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण पुढे ते मला ऐकू आलं नाही.

सर मूळचे वणीकडचे, राजूरच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. वडील तीस वर्षं जमिनीखाली गेले आणि तीस वर्षं वर आले, आणि आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. त्यामुळे सर प्यायला लागले तेव्हा नातेवाइकांची पंचाईत झाली. रक्तातच आहे असं म्हणायची सोय नव्हती. घर बौद्ध, विहारात जाणारं, शिक्षणाला देव मानणारं नव्हे, पण देवाच्या जागी ठेवणारं. पोरगा एम.एस्सी. झाला याचा बापाला इतका अभिमान की खाणीतल्या साहेबालाही तो "माह्या पोराले विचारून सांगतो" म्हणायचा. सर म्हणायचे, "बाप खाली जायचा त्याचं वजन माह्या डोक्यावर. ते कोनी ठेवलं नव्हतं, मीच उचलून घेतलं. मंग एक दिवस कोनीतरी ग्लास दिला आन ते वजन अर्ध्या तासासाठी उतरलं. आता सांगा, मेंदू असा अर्धा तास कधी विसरन का?"

पुढचं त्यांनी कधी रंगवून सांगितलं नाही. प्रयोगशाळेत बारावीच्या मुलांसमोर ते पडले होते. बायको दोन लेकरं घेऊन मारेगावला आईकडे निघून गेली होती. एवढंच. दारू सोडलेल्या माणसांच्या कहाण्यांमध्ये खड्डा जितका खोल तितकी टाळी मोठी असते. सरांना टाळीचं वावडं होतं.

त्यांच्या मते दारू सुटण्यात काही मोठं नव्हतं. "सुटते. चार दिवस, दहा दिवस, महिनाभर त्रास होते, आन सुटते. परत काहून लागते, ते सांगा." मग ते खडू घ्यायचे. मी मराठीचा माणूस. मेंदू या अवयवाशी माझा संबंध रूपकापुरता. पण स्टाफरूममधल्या कपाटाच्या दारावर खडूनं काढलेली ती आकृती मला आजही काढता येईल. खाली एक गोल: इथं सुखाची आठवण राहते. वर, कपाळामागे एक गोल: इथं विचार राहतो, नाही म्हणायची ताकद राहते. बाजूला तिसरा गोल: इथं भीती.

"ताण आला की शरीर रसायनं सोडते," ते सांगायचे. "ती रसायनं काय करतेत? खालच्या गोलाले जागं करतेत. त्याले आठवते, अर्धा तास वजन उतरलं होतं. मांगाले लागते. आन नेमकं तेव्हाच वरच्या गोलाची लाइट जाते. भारनियमन समजा. ज्या फिडरवर अकलेचं कनेक्शन, तोच फिडर पयले बंद."

"म्हणजे इच्छाशक्ती वगैरे काही नसते?" मी.

"असते ना. लाइट असली की असते."

आणि मग त्यांचं ते बैलाचं. वावरातून वर्षानुवर्षं बैलबंडी गेली की वाट पडते. ती वाट नांगरता येते, तिच्यावर कपाशी लावता येते, दहा वर्षं पीक घेता येतं. बघणाऱ्याला वाटेल इथं कधी वाट नव्हतीच. "पण बैल बिचकला ना सर, की तो कपाशी पाहत नाही. जुन्या वाटेनंच पळते. ताण म्हणजे बैल बिचकनं. मी काय करतो? बैल बिचकला की वरडतो. सकायी सकायी, तुमच्यासमोर. म्हणजे तुम्ही कासरा धरसान."

आम्ही कासरा धरत होतो असं मी म्हणणार नाही. पण ऐकत तरी होतो. सहा म्हटलं की भूगोलाच्या मॅडम त्यांचा तास घ्यायच्या. सात म्हटलं की कोणीतरी विचारायचं, "काकांकडे जाता का? सोडून देऊ गाडीनं?" सर गाडीत बसायचे. यात कोणाला काही मोठं वाटत नव्हतं, आणि ही व्यवस्था चालण्याचं कारण बहुधा तेच होतं.

ती मोडली सत्कारानं.

सरांना दारू सोडून दहा वर्षं होत होती आणि त्याच सुमारास व्यसनमुक्ती सप्ताह होता. हा योग संस्थेच्या अध्यक्षांच्या लक्षात आला. अध्यक्षांना सत्कार करायला आणि करून घ्यायला सारखंच आवडायचं. सरांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये स्पष्ट नाही म्हटलं. "सत्कार नको. मले आकडा वाढते." प्राचार्य म्हणाले, "अहो, आनंदाची गोष्ट आहे!" सर म्हणाले, "शरीराले आनंदाचाही तानच असते सर. रसायन शाल पाहत नाही."

तेव्हा प्राचार्यांनी मला त्यांच्याकडे पाठवलं, कारण आमची मैत्री होती. या ठिकाणी मी थोडा वेळ थांबतो. मला त्या भपक्याचा तिटकारा होता. अध्यक्षांच्या भाषणांच्या मी स्टाफरूममध्ये नकला करायचो. तरीही मी गेलो आणि सरांना म्हणालो, "मुलांसमोर एक उदाहरण उभं राहील." हे वाक्य माझं नव्हतं, परिपत्रकातलं होतं. पण माझ्या तोंडून आल्यामुळे सरांनी ते खरं मानलं. थोडा वेळ नखानं टेबलाचा रंग खरवडत बसले आणि म्हणाले, "तुमाले वाटते ना? मंग घ्या करून."

मानपत्रही मीच लिहिलं. अशी कामं मराठीच्या माणसाकडेच येतात. "व्यसनासुरावर कायमचा विजय मिळवणारे अजिंक्य योद्धे" असं त्यात होतं. मला लिहिताना हसू आलं होतं, आणि आत कुठेतरी ते चांगलं जमल्याचं समाधानही झालं होतं.

समारंभ थाटात झाला. सभागृहातल्या चारशे मुलांना आणि व्यासपीठावरच्या अकरा मान्यवरांना व्यसनमुक्तीची शपथ घ्यायची होती. आता शपथ तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून नीट उच्चारता येत नाही. अडचण तांत्रिक होती आणि तांत्रिक पद्धतीनंच सुटली. शपथेआधी मागच्या दाराशी थुंकण्यासाठी रांग लागली, तिच्या अग्रभागी प्रमुख पाहुणे होते. शपथ खणखणीत झाली. मग अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "सरांच्या आयुष्यातून दारू हा विषयच संपलेला आहे! आजपासून ते आपल्या तालुक्याचे व्यसनमुक्तीदूत!"

सर बोलायला उभे राहिले. "विषय संपला नाही," ते म्हणाले. "रोज सकायी चालू होते." टाळ्या इतक्या झाल्या की पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनीही मग आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर दारात उभे राहून म्हणाले, "आज सात."

स्टाफरूम हसली. वाईट हेतूनं नव्हे. फिजिक्सचे सर म्हणाले, "बस का राजे! काल अजिंक्य योद्धे, आन आज सात?" भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आता तुम्ही दूत आहात. तुम्हीच सात म्हटलं तर आमच्यासारख्यांनी काय म्हणावं?" सरही हसल्यासारखं करून आत आले. त्या दिवशी त्यांनी रजा टाकली नाही. दुपारी एका हायस्कुलात त्यांचं भाषण होतं.

मग भाषणं लागली. बसस्टँडजवळ शाल पांघरलेल्या सरांचा दारापेक्षा मोठा फ्लेक्स लागला. खेड्यापाड्यांतून बाया आपल्या नवऱ्याला, म्हातारे आपल्या पोराला घेऊन सरांच्या घरी येऊ लागले. "सर, याले सांगा. तुम्ही जिंकले, याले जिंकवा." सर ओट्यावर बसून एकेकाला दोन-दोन तास द्यायचे. पूर्वी मंगळवारच्या बैठकीत ते जसे सगळ्यांमध्ये बसत तसं आता होईना. टेलरकाका मला नंतर सांगत होते, "नवीन पोरं उठून उभी राहाची त्यायले पाहून. सतरंजीवर बसू देत नव्हती. खुर्ची आनाची. खुर्चीवरून मानूस काय सांगन, की मले आज पिवाशी वाटून राह्यली? दोन मंगळवार आले, मंग भाषण हाय म्हणून सांगतलं. मंग आलेच नाही."

आणि आकडा उतरत गेला. पाच, चार, तीन. मग दोन. मग रोजच दोन. कोणाला खटकलं नाही. उलट सत्काराचा चांगला परिणाम झाला असं प्राचार्य म्हणाले. मला खटकलं. शेजारी बसणाऱ्या माणसाला खटकतंच. फळ्यावर लिहिताना त्यांचा खडू तुटत होता. चष्मा पुसायचे तर पुसतच राहायचे. आणि ज्या माणसानं आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती, त्याच्या तोंडाला सकाळी सव्वासातला वेलदोड्याचा वास येत होता.

एकदा मधल्या सुट्टीत आम्ही दोघं कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. समोरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसेपर्यंत सरांनी कप हातानं झाकून धरला. मग म्हणाले, "सर, समजा एखाद्यानं दोन सांगतला, आन तो दोन नसला. तर?"

मला कळलं. ते काय म्हणताहेत हे मला त्याच क्षणी पूर्ण कळलं. आणि मी म्हणालो, "तर शिपायाचं नुकसान होईल."

ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "हो. तेही हाये," आणि घंटा झाली.

हे सत्कारानंतर सात-आठ महिन्यांनी. पुढे आणखी तीनेक महिने दोन, दोन, दोन चाललं. मग पुन्हा व्यसनमुक्ती सप्ताह आला. या वेळी तालुक्याचा मोठा कार्यक्रम होता आणि हजारो मुलांना शपथ सर देणार होते. कार्यक्रम सोमवारी होता. शुक्रवारी सर कॉलेजात आले, दारात उभे राहिले आणि काहीच न बोलता आत आले. त्यांचे हात इतके थरथरत होते की हजेरीची सही रकान्याबाहेर गेली. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसांत. पण वेलदोड्याचा वास नव्हता. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "थोडी कणकण हाये. सोमवारपर्यंत ठीक होईन."

रविवारी सकाळी न्हाणीघरात त्यांना झटका आला. पडताना डोकं दगडावर आपटलं. यवतमाळला नेईपर्यंत वाटेतच गेले.

डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं, वहिनींनी काकांना, आणि काकांनी मला, कापड मोजायच्या टेपची गुंडाळी करत आणि उलगडत. सर चार-पाच महिन्यांपासून रोज पीत होते. गावात प्यायची सोय नव्हती, फ्लेक्सवर चेहरा होता. म्हणून भाषणाच्या निमित्तानं जीपनं बाहेरगावी जायचे आणि तिथून बाटली आणायचे. आणि सोमवारी मुलांना शपथ द्यायची म्हणून गुरुवारी रात्रीपासून त्यांनी एकदम बंद केली होती. एकट्यानं, डॉक्टरला न सांगता.

"रोज पेनाऱ्यानं एकदम सोडू नये," काका म्हणाले. "मेंदूले ब्रेकची सवय झालेली असते. ब्रेक अचानक काढला की गाडी सुसाट. झटके येतेत, मानूस मरते. डॉक्टरच्या हाताखाली सोडा लागते, औषध घेऊन. हे आमाले कोनं शिकवलं? त्यायनंच. किती लोकायले हात धरून सरकारी दवाखान्यात नेलं त्यायनं." टेप त्यांच्या हातातून सुटली. "आन स्वतः गेले नाही. तिथल्या भिंतीवरबी त्यायचाच फोटो होता ना."

शोकसभेचा ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिला: "अल्पशा आजाराने दुःखद निधन." सहीसाठी नव्हे, पण दाखवावा म्हणून वहिनींकडे घेऊन गेलो. अंगणवाडीच्या साडीतच होत्या. पाहुण्यांची गर्दी ओसरली होती. कागद त्यांनी दोनदा वाचला.

"अल्पसा?" त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षांचा आजार होता भाऊ."

"वहिनी, तसं लिहायची पद्धत..."

"लोक म्हणून राह्यले, दारूनं गेला. मयतीले आलेल्या बाया गेटवर म्हणे, शेवटी पिऊनच मेला. तीन दिवसांपासून एक थेंब नव्हता त्यांच्या पोटात. ते पिऊन नाही मेले. सोडताना मेले. ते लिहा."

मी माझ्या पेनानं ते खोडलं आणि त्या सांगतील तसं लिहिलं. दारूच्या आजारानं, दारू सोडताना, डॉक्टरचा सल्ला न घेता एकदम सोडल्यामुळे. प्राचार्य म्हणाले, फाइलमध्ये असं जात नाही. मी म्हणालो, त्यांचे रजेचे अर्ज गेलेत, हेही जाईल. शोकसभेत मी ते तसंच वाचलं. अध्यक्ष छताकडे पाहत होते. मुलं मात्र ऐकत होती, आणि मागच्या भिंतीला टेकून टेलरकाका आणि मंगळवारचे सात-आठ जण उभे होते.

सभा संपल्यावर वहिनींना स्टँडपर्यंत सोडायला मी बरोबर निघालो. त्या काही दिवस मारेगावला जाणार होत्या. एसटीला वेळ होता. बाकावर बसलो.

"तुमाले माहीत होतं का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"अंदाज होता."

"मले चार महिन्यांआधी पौर्णिमेलेच समजलं होतं." त्या समोरच्या फलाटाकडे पाहत सांगत होत्या. विहारात पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू-नशेपासून दूर राहण्याचं. जुन्या काळात, सर पीत होते तेव्हा, ते पहिली चार शीलं सगळ्यांबरोबर म्हणायचे आणि पाचव्याला गप्प बसायचे. अख्ख्या विहाराला ते दिसायचं. वडीलधारी माणसं रागवायची, निदान तोंड तरी हलव म्हणायची. "तर म्हणाचे, पाचवं मोडलंच हाय, आता ते म्हणून चौथं कायले मोडू? मले तवा लय शरम वाटाची. आता वाटते, तवाच बरं होतं. या वर्षी पौर्णिमेले पाचवं शील त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं, की पुढं बसलेल्या आजीनं वळून पाह्यलं. मी तवाच ओळखलं."

एक एसटी आली, ती मारेगावची नव्हती.

"मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "चार महिने रोज जेवायले वाढलं, आन विचारलं नाही. समोरासमोर विचारलं असतं ना भाऊ, तर त्यांनी खरं सांगतलं असतं. तोंडावर विचारल्यावर त्यांना खोटं बोलता येत नव्हतं." त्यांनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. "म्हणूनच विचारलं नाही."

"मीसुद्धा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजल्यासारखी मान डोलावली. मग एसटी लागली, आणि त्या चढल्या.